मुलाला मैदानातून सूट मिळवून द्यावी का? निवासी शाळेतल्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगा आठवीत आहे, नुकतंच तेरावं पूर्ण झालंय. जूनमध्ये लातूरकडून कोल्हापूरजवळच्या निवासी शाळेत आला. दर रविवारी फोनवर रडतो. पहाटे साडेपाचला उठवतात, पळवतात, संध्याकाळी चिखलात फुटबॉल खेळायला लावतात. जुलैमध्ये शाळेनं पन्हाळा ते पावनखिंड चालत नेलं, त्यात तो मागं पडला आणि शेवटी गाडीत बसवून आणावं लागलं. तेव्हापासून एकच धोशा आहे, "मैदान बंद कर, नाहीतर मला घरी ने." वडील म्हणतात, राहू दे, घट्ट होईल. ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन मैदान आणि ट्रेकमधून सूट घ्यावी का, असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत, की गावाकडं तो खो-खो फार छान खेळायचा. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला ती ओळ सर्वात कामाची वाटली. तिच्याकडं येतोच.

मी या भागातल्या निवासी शाळांत आधी क्रीडाशिक्षक होतो, पुढं वसतिगृहाचा रेक्टर झालो. नोकरीची बहुतेक वर्षं याच वयाच्या मुलांत गेली. म्हणून आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. खोटं सर्टिफिकेट आणू नका. घाईनं घरीही आणू नका, दिवाळीपर्यंत थांबा. पण काही गोष्टी खाली लिहिल्यात, त्यातली एखादी आढळली तर एक दिवसही थांबू नका. आणि 'घट्ट होईल' म्हणून नुसतं गप्पही बसू नका. दुर्लक्ष झालेलं पोर घट्ट होत नाही, ते बोलायचं बंद होतं. मग घरच्यांना वाटतं, रुळलं.

सर्टिफिकेटला माझा विरोध का, ते सांगतो. घरून शाळेत जाणाऱ्या मुलाचं मैदान सुटलं तर फारसं बिघडत नाही. पाच वाजता तो घरी येतो, गल्लीतली पोरं असतात, चुलतभाऊ असतात, आजी असते. वसतिगृहात तसं नाही. वर्गात जागा ठरवून दिलेली, मेसमध्ये रांग ठरलेली, डॉर्मिटरीतली कॉटसुद्धा नंबरानं मिळालेली. दिवसभरात कुणाबरोबर असायचं हे पोरगं स्वतः ठरवतं ते फक्त संध्याकाळच्या त्या दीड-दोन तासांत. मैत्री तिथं जुळते, टोपणनाव तिथं पडतं, भांडण तिथं होतं आणि मिटतंही तिथंच. सूट मिळालेला मुलगा त्या वेळात डॉर्मिटरीच्या पायरीवर बसून राहतो. सोबतीला तापानं आजारी असलेला एखादा, नाहीतर कुणीच नाही. दिवेलागणीच्या आधीची ती वेळ घरच्या आठवणीची सगळ्यात वाईट वेळ असते. आठवडाभर बसला तरी चालतं. महिनाभर बसला की बाकीच्यांनी त्याच्याशिवाय खेळायची सवय करून घेतलेली असते, आणि मग बरं वाटलं तरी परत शिरायला जागा सापडत नाही.

म्हणजे मैदान त्याला हवंच आहे. आता खुपतंय ते नेमकं काय, हे शोधायला हवं. तुमच्या लिहिण्यावरून मला चार-पाच शक्यता दिसतात. त्यातलं त्याच्या बाबतीत कुठलं किती खरं, हे शाळा, त्याचं शरीर आणि त्याचा स्वभाव यावर अवलंबून आहे. एकेक घेतो.

पहिली शक्यता फुटबॉलची, आणि ही बाहेरगावच्या पालकांच्या लक्षातच येत नाही. कोल्हापुरात फुटबॉल हा शाळेत येऊन शिकायचा खेळ नाही. इथं तालमींचे संघ फुटबॉल खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी घुमतात, आणि आपल्या पेठेचा सामना असला की घरंच्या घरं तिकडं लोटतात. इथल्या पोराच्या पायात चेंडू पहिलीच्याही आधी येतो. तुमचा मुलगा जूनमध्ये पहिल्यांदा त्यांच्यात उतरला, तोही पावसात, चिखलात, जिथं चेंडू सरळ जात नाही आणि पाय ठरत नाही. तो दुबळा आहे असा निष्कर्ष त्यावरून त्यानं काढलाय, कदाचित तुम्हीही. खरं तर तो नवखा आहे, एवढंच. हा फरक त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला पाहिजे. "तुला जमत नाही" आणि "तू हा खेळ जूनमध्ये सुरू केलास" या दोन वाक्यांनी तेरा वर्षांच्या मुलाचा दिवस वेगवेगळा जातो.

दुसरी शक्यता वयाची. आठवीचा वर्ग एकदा रांगेत उभा करून बघा. एकाला मिसरूड फुटलंय, आवाज बसलाय, खांदे रुंद झालेत. शेजारचा अजून पाचवीतला वाटतो. दोघांची जन्मसालं एकच असतात. मुलग्यांची उंची सर्वात वेगानं वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या सुमाराला, पण कुणाची ती वाढ बाराव्या वर्षी सुरू होते तर कुणाची पंधराव्या. उंचीपाठोपाठ स्नायू भरतात, ताकद येते. म्हणजे उशिरा वाढणारा मुलगा दोनेक वर्षं स्वतःपेक्षा मोठ्या शरीरांशी धक्काबुक्की करत असतो. खेळांच्या स्पर्धांत चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील असे गट असतात, पण रोजच्या संध्याकाळी असे गट कोण पाडतं? चांगला क्रीडाशिक्षक पाडतो. मी नेहमी वर्गाऐवजी अंगकाठी बघून संघ करायचो. तुमच्या शाळेत कसं करतात, विचारा.

याच वयात आणखी एक दुखणं येतं. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला, बोटानं दाबलं की दुखतं, थोडा टेंगूळ आल्यासारखा लागतो, पळताना आणि उड्या मारताना वाढतं. वाढीच्या वयात खेळणाऱ्या मुलांत हे बऱ्यापैकी दिसतं, डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. घाबरायचं कारण नसतं, वाढ पूर्ण होत आली की ते जातं. पण तोवर पळणं-उड्या बेतानं ठेवाव्या लागतात. मुलगा 'पाय दुखतो' म्हणाला आणि शिक्षक 'नाटकं करतो' म्हणाले, असं यात फार होतं. दुखतं कुठं, ते त्याला बोटानं दाखवायला सांगा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

आता संघ पाडण्याबद्दल, कारण कितीतरी पोरांचं मैदान तिथंच मोडतं. दोन कप्तान उभे राहतात आणि आळीपाळीनं एकेकाचं नाव घेतात. शेवटी दोघं-तिघं उरतात. मी संध्याकाळी मैदानावर गेलो की खेळाकडं नंतर बघायचो, आधी कडेला बघायचो. तिथं एखादा मुलगा वाकून बुटाची नाडी बांधत असतो. बांधतो, सोडतो, परत बांधतो. संघ पाडून होईपर्यंत त्याची नाडी काही नीट बसत नाही, कारण मान वर केली की आपलं नाव अजून कुणी घेतलेलं नाही हे दिसेल. असा मुलगा दिसला की ओळखावं, याला खेळाचा कंटाळा नाही, निवडीची भीती आहे. आमच्याकडं मी कप्तानांची निवड बंदच करून टाकली. एक-दोन, एक-दोन असे आकडे मोजत जायचे, एकवाले इकडं, दोनवाले तिकडं. पोरं कुरकुरली, सामने थोडे एकतर्फी झाले, पण कडेला नाडी बांधणारे कमी झाले. रेक्टरांना ही विनंती जरूर करा. यात शाळेचा एक पैसा खर्च होत नाही.

आणि आता खो-खो. क्रीडाशिक्षकांना स्वतः फोन करून एवढंच सांगा, "सर, तो गावाकडं खो-खो खेळायचा, चांगला खेळायचा." या वाक्याची ताकद लहान समजू नका. शिक्षकाच्या डोक्यात तो आत्ता 'मागं पडणारा' म्हणून बसलाय. खो-खोला लागतो तो चपळपणा, खांबाजवळ वळण्याची अक्कल, पाठलाग करणाऱ्याला हूल देण्याचं धाडस. धिप्पाड शरीर इथं उलट अडचणीचं होतं. आठवीतला काटकुळा मुलगा नववी-दहावीच्या पोरांना दमवू शकतो असे खेळ थोडे आहेत, त्यातला हा एक. आणि लागतं काय? दोन खांब आणि फक्कीच्या रेषा. पावसाळ्यात मैदान चिखलाचं असेल तर ऑगस्ट जाऊ दे, उघडीप मिळाली की सुरू करता येईल. बीडहून आलेला एक मुलगा माझ्याकडं होता, त्याचंही असंच फुटबॉलवरून अडलं होतं. कबड्डीत त्यानं एकदा वरच्या वर्गातल्या पोराचा घोटा धरून ठेवला आणि सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्याशेजारी बसायला दोघं आले. त्याच्यासाठी वसतिगृह त्या दिवशी सुरू झालं.

खो-खो नाही जमला तर दुसरं शोधू. कोल्हापूर त्या बाबतीत श्रीमंत आहे. शाहू महाराजांनी इथं १९०१ सालापासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, खेड्यापाड्यांतल्या पोरांना राहायला-शिकायला जागा दिली. त्याच महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं. कुस्ती, मर्दानी खेळ, लेझीम, पोहणं यातलं काही ना काही इथल्या शाळांत असतंच. नेमबाजीचंच बघा. तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, २०१० साली जगज्जेती झाली. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्या खेळात सगळ्यात पुढं पळणाऱ्याला काही विशेष फायदा नाही, स्थिर उभं राहणाऱ्याला आहे. तुमच्या मुलानं पदक आणावं असं मी म्हणत नाही. शाळेच्या मैदानावर पळण्या-लाथाळण्याखेरीजही जागा असतात, एवढंच त्याला दिसू द्या.

ट्रेकबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण त्याला खरा धक्का तिथं बसलाय.

पन्हाळा–पावनखिंड ही आमच्याकडची मानाची वाट. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज रातोरात विशाळगडाकडं निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, ती ही वाट. म्हणून दरवर्षी भर पावसात हजारो लोक ती चालतात. पण ती दोन दिवसांची, पन्नासेक किलोमीटरची चाल आहे. मसाई पठारावर वारा आणि धुकं इतकं, की पुढचा माणूस दिसत नाही. पुढं कुंभारवाडी, करपेवाडी, आंबेवाडीकडं लाल चिखल, भाताच्या खाचरांचे निसरडे बांध, भरलेले ओढे. ज्या मुलानं आयुष्यात कधी सह्याद्रीचा पाऊस पाहिला नव्हता, त्याला शाळेत आल्यावर महिन्याभरात या वाटेवर नेणं माझ्या मते घाईचं झालं. तो मागं पडला यात त्याची लाज वाटावी असं काही नाही, आणि हे तुम्ही त्याला सांगा, वडिलांनी सांगितलं तर जास्त चांगलं.

मुलं बहुधा दम कमी पडून मागं पडत नाहीत. ती मागं पडतात पायामुळं, नाहीतर पोटामुळं. ओल्या मोज्यात तळवा पांढरा, सुरकुतलेला होतो, कातडी मऊ पडते, मग टाचेला फोड येतो आणि तो फुटला की प्रत्येक पाऊल नकोसं होतं. पोटाचं असं, की सकाळी घाईत अर्धा पाव खाल्लेला असतो आणि पुढच्यांना गाठायच्या नादात कुणी थांबून काही खात नाही. त्याला विचारा, टाचेला फोड आला होता का? निघताना काय खाल्लं होतंस? पाठीवर किती होतं? या वयाच्या मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ओझं ठीक. चाळीस किलोच्या पोरानं चार किलो. पाणी, कोरडे मोजे, रेनकोट, डबा, संपलं. आम्ही बॅगा निघण्याआधी तराजूवर ठेवायचो.

माझा क्रम असा असायचा. नव्या मुलांना आधी जोतिबाचा डोंगर, मग पन्हाळ्याची तटबंदीच्या कडेनं दिवसभराची फेरी. सप्टेंबरात पाऊस ओसरला की मसाई पठारापर्यंत जाऊन परत. त्या दिवसांत पठारावर फुलं असतात, पोरं रमतात, वाटेचीही ओळख होते. पावनखिंड पुढच्या वर्षी. तुमच्या मुलासाठी शाळेकडून हाच क्रम मागून घ्या. "त्याला ट्रेकला नेऊ नका" असं म्हणू नका, "त्याला आधी छोट्या वाटेवर न्या" म्हणा. हे बोलणं कुठलाही समंजस शिक्षक ऐकतो.

दिवाळीनंतर राधानगरीकडं शिबिर आहे असं तुम्ही लिहिलंय. परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी शाळेला थोडं विचारा. सर्वात शेवटी कोण चालणार? पुढं चालणारा शिक्षक सगळ्यांना माहीत असतो, पिछाडी सांभाळणारा ठरलेला नसतो, आणि मुलं हरवतात, पडतात ती मागं. रस्त्याला गाडी कुठं कुठं भेटणार? साप चावला तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात सापाच्या विषावरचं औषध आहे, हे निघण्याआधी विचारून ठेवलंय का? चिरा देणं, चोखणं, करकचून आवळणं असलं काही न करता, चावलेला हात-पाय हलू न देता तडक रुग्णालय गाठायचं, हे सोबतच्या शिक्षकांना पाठ पाहिजे. ते गव्यांचं जंगल आहे, तेव्हा अंधारात फिरणं नाही. आणि पाण्याबद्दल कडक राहा. धरणाच्या फुगवट्यात, नदीत, विहिरीत पोहणं नाही म्हणजे नाही. अपवाद एकच, लाइफ जॅकेट अंगात आणि जीवरक्षक काठावर असेल तर. इथली पोरं पंचगंगेत आणि विहिरींवर पोहायला शिकलेली असतात, ती बिनधास्त उड्या मारतात, आणि त्यांच्या नादानं न पोहणारा कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. तळ कुठं तुटतो ते वरून दिसत नाही. मुलाला पोहता येत नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी ते शिकवा, बाकीचे सगळे क्लास मागाहून.

आता झोप, खाणं आणि बूट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहाटेच्या पीटीचं निम्मं दुःख इथं असतं.

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यातच या वयात झोप यायची वेळ आपोआप उशिरावर सरकते, तो शरीराचा धर्म आहे, आळस नाही. साडेनऊला दिवे बंद आणि साडेपाचला उठणं, म्हणजे कागदावर आठ तास होतात. पण डॉर्मिटरीत अकरापर्यंत कुजबुज चालली तर उरतात साडेसहा. रोज साडेसहा तास झोपलेल्या पोराला पळवलं तर ते रडणारच. मुलाला विचारा, दिवे बंद झाल्यावर खोलीत काय चालतं? उत्तर 'गोंधळ' असेल तर रेक्टरांशी बोला. कॉट बदलून कोपऱ्यात दिली तरी फरक पडतो.

पीटीला उपाशीपोटी जात असेल तर पेटीत गूळ-शेंगदाणे ठेवा. उठल्यावर मूठभर, वर पाणी. इथला गूळ चांगला, तो तुम्ही आणलात नाही तरी इथंच मिळेल. संध्याकाळच्या मैदानाआधी शाळा काही खायला देते का, तेही बघा. दुपारी साडेबाराच्या जेवणानंतर थेट रात्री आठला ताट मिळत असेल तर खेळायला अंगात काही उरत नाही.

आणि बूट. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर काही वाळत नाही. मुलाकडं एकच जोड असेल तर तो रोज पहाटे कालचाच ओला बूट पायात घालतोय. दुसरा जोड द्या, भारी नको. सुती मोजे भरपूर द्या, नाव शिवून. रात्री बुटात रद्दी पेपर चुरगाळून कोंबायचा, सकाळी काढायचा, हे त्याला करून दाखवा. बोटांच्या बेचक्यात आणि जांघेत खाज येते का, हे सरळ विचारा. मुलं लाजतात, सांगत नाहीत आणि शेजारच्याची ट्यूब लावतात. त्या ट्यूबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि गजकर्ण दुपटीनं पसरतं. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी दिलेलंच औषध लावायचं, खाज थांबली तरी सांगितले तेवढे दिवस लावायचं. टॉवेल आणि अंतर्वस्त्रं कुणाशी वाटून घ्यायची नाहीत. जांघेत सोलवटलेल्या मुलाला पळायला सांगणं म्हणजे छळ आहे, आणि तो कारण न सांगता फक्त "मैदान नको" म्हणतो.

रविवारच्या फोनबद्दल एक सांगतो, रागावू नका. तो फोन म्हणजे त्याच्या आठवड्याचा सगळ्यात हळवा तास असतो. सहा दिवस दाबून ठेवलेलं तुमचा आवाज ऐकल्यावर फुटतं. ते खरं असतंच, पण तेवढंच खरं असतं असं नाही. "कसा आहेस? रडतोस का?" असं विचारलं की रडणंच येणार. त्याऐवजी बारीकसारीक विचारा. काल संध्याकाळी पाच वाजता कुठं होतास? कुणाबरोबर? जेवताना शेजारी कोण बसतं? बूट वाळले का? या आठवड्यात कुणाला हसवलंस का? सलग तीन-चार रविवारी 'शेजारी कोण' याचं उत्तर 'कुणी नाही' असेल, तर रेक्टरांना भेटायला या. नावं यायला लागली तर रडणं चालू असलं तरी गाडी रुळावर आहे असं समजा. गौरी-गणपतीला घरी येऊन गेला की पुन्हा आठवडाभर जास्त रडेल, तेही धरून चाला.

आता ज्यासाठी थांबायचं नाही, त्या गोष्टी. अंगावर कारण सांगता न येणारे वळ किंवा जखमा. अचानक अंथरूण ओलं होणं. ठरावीक खोलीत, ठरावीक मोठ्या मुलाजवळ किंवा शिक्षकाजवळ जायची भीती. मोठ्या मुलांचे कपडे धुणं, पैसे आणि खाऊ काढून घेतला जाणं. बोलणं, जेवण एकदम तुटणं, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघा, मुलाला एकट्याला बाहेर नेऊन शांतपणे ऐका, आणि तो सांगेल त्यावर आधी विश्वास ठेवा. गरज पडली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. मैदानाशी जोडलेलं आणखी एक विचारा, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावतात का? गृहपाठ राहिला म्हणून दहा चकरा, असं जिथं चालतं तिथं पोरांना पळण्याचाच तिटकारा येतो. मी हे माझ्या हाताखाली कधीच चालू दिलं नाही, आणि तुम्हीही शाळेला स्पष्ट 'नको' म्हणू शकता.

खरं वैद्यकीय कारण असेल तर मात्र सर्टिफिकेट हवंच. पळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यात आधी हृदयाची तपासणी, मग मैदान. दमा असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या, की इन्हेलर मुलाच्या स्वतःच्या खिशात राहील, ऑफिसच्या कपाटात नाही. दमा नीट आटोक्यात असलेली मुलं सगळं खेळतात. चांगल्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर 'मैदान बंद' असं क्वचित असतं. काय करायचं, काय नाही आणि किती दिवस, हे असतं.

म्हणजे आत्ता तुमच्या हातात इतकं आहे. या आठवड्यात क्रीडाशिक्षकांना खो-खोबद्दल फोन. रेक्टरांकडं दोन विनंत्या, संघ मोजून पाडा आणि ट्रेकला छोट्या वाटेपासून सुरुवात करा. बुटाचा दुसरा जोड आणि मोजे कुरियरनं. पुढच्या पालकभेटीला सकाळी अकराला येऊन दुपारी परत फिरू नका. चारपर्यंत थांबा, मैदान सुरू झालं की कडेला उभं राहून अर्धा तास नुसतं बघा, त्याला हाक मारू नका. ऑफिसात बसून जे कळणार नाही ते तिथं कळेल. शक्य असेल तर वडिलांना सोबत आणा. घट्ट होण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही, पण मुलगा कशाशी झुंजतोय ते त्यांनी डोळ्यांनी बघायला हवं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याशी सावकाश बोला. एवढं सगळं करूनही त्याला एकही मित्र झालेला नसेल, शाळेनं काहीच हलवलं नसेल आणि तो तेच म्हणत असेल, तर वर्ष संपल्यावर त्याला खुशाल घरी न्या. काही मुलांना घरची संध्याकाळच लागते, ती पुढं दहावीनंतर उत्तम बाहेर राहतात. मात्र निर्णय त्याच्यासमोर, त्याला विचारून घ्या.

शिबिराचं पत्रक हातात आलं की त्यातलं वेळापत्रक आणि सोबतच्या शिक्षकांची संख्या इथं लिहा. मुलाचं आणि शाळेचं नाव लिहू नका. कुठं बोट ठेवून विचारायचं ते मी पाहून सांगतो.